गाठीतून जाणारा करंट: अतिसंवाहकातला कच्चा दुवा चाकावर, तक्त्यात आणि द्रव नायट्रोजनमध्ये कसा बघायचा

सोलापुरात कुठल्याही यंत्रमागाच्या शेडमध्ये दहा मिनिटं उभं राहिलं की हे दृश्य दिसतंच. ताण्यातला एखादा धागा तुटतो, कामगार माग थांबवतो, वाकून दोन्ही टोकं चिमटीत धरतो, गाठ मारतो आणि माग पुन्हा खडखडू लागतो. त्यानंतर तो धागा किती ताण सोसणार, हे त्याची ती एवढीशी गाठ ठरवते. बाकीचा धागा कितीही चांगल्या सुताचा असो.

अतिसंवाहकातही, म्हणजे पुरेसं थंड केल्यावर ज्याचा विद्युतरोध नाहीसा होतो अशा पदार्थातही, अशा गाठी असतात. इंग्रजी पुस्तकांत त्यांना 'वीक लिंक' म्हणतात, मी वर्गात 'कच्चा दुवा' म्हणतो. दोन चांगले अतिसंवाहक तुकडे आणि त्यांच्या मध्ये अगदी छोटी, कमजोर जागा. ती किती करंट सोसेल यावर सगळ्या तुकड्याची ताकद ठरते. इथपर्यंत गाठीची उपमा चालते, पुढे ती फसवते. गाठीवर जास्त ताण आला तर ती तुटते. कच्च्या दुव्यावर जास्त करंट लादला तर तो तुटत नाही, *फिरायला* लागतो. काय फिरतं आणि कसं, हे हाताने करून बघता यावं म्हणून हा लेख. त्यात तीन कामं आहेत. पहिलं सायकलच्या चाकावर, घरी. दुसरं कॉम्प्युटरवर, एका संध्याकाळचं. तिसरं फक्त कॉलेजच्या प्रयोगशाळेत आणि शिक्षक सोबत असतानाच. क्रम मोडू नका. आमच्याकडची मुलं थेट तिसऱ्यावर उडी मारतात, आलेख काढतात आणि तो कशाचा आहे हे त्यांना सांगता येत नाही.

आधी दोन नियम

१९११ मध्ये लायडनला कामरलिंग ओन्स यांनी पारा ४.२ केल्विनपर्यंत थंड केला, तेव्हा त्याचा विद्युतरोध नाहीसा झाला. असं का होतं याचं पटेल असं उत्तर यायला १९५७ उजाडलं. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी दाखवलं की अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोडीजोडीने राहतात आणि अशा सगळ्या जोड्या मिळून एकच लाट बनते. लाट म्हटलं की तिचा फेज आला, म्हणजे लाट आत्ता आपल्या चढउतारात नेमकी कुठे आहे ते.

पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, तेव्हा फेज समजायला दिंडी घ्या. दिंडीतले सगळे एका ठेक्यावर पाऊल टाकतात. दोन दिंड्या एकमेकींपासून कोसभर लांब असतील तर दोघींचे ठेके स्वतंत्र. जवळ आल्या आणि एकीचा टाळ दुसरीला पुसटसा ऐकू येऊ लागला, की दोन्ही ठेक्यांचं एकमेकांशी काहीतरी नातं जुळतं. कच्चा दुवा म्हणजे टाळ पुसटसा ऐकू येण्याची जागा. दोन बाजूंच्या ठेक्यांत जो फरक, तो फेजफरक.

१९६२ मध्ये केंब्रिजमधल्या ब्रायन जोसेफसन या २२ वर्षांच्या विद्यार्थ्याने दोन नियम मांडले. ते वहीत लिहून ठेवा, पुढचं सगळं काम त्यांच्यावरच आहे.

पहिला: दुव्यातला प्रवाह = कमाल प्रवाह × साइन (फेजफरक).

दुसरा: दुव्यावरचं व्होल्टेज फेजफरक किती वेगाने बदलतोय त्याच्या प्रमाणात असतं.

पहिल्या नियमात व्होल्टेज कुठेच नाही, ते तिथे शोधत बसू नका. शाळेपासून आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की व्होल्टेज ढकलतं म्हणून करंट वाहतो. इथे फेजफरक ३० अंशांवर स्थिर असेल तर कमाल प्रवाहाच्या निम्मा करंट वाहत राहतो आणि व्होल्टमीटर शून्य दाखवतो. दुसऱ्या नियमातलं प्रमाणही लक्षात ठेवा: १ मायक्रोव्होल्ट म्हणजे फेजचे सेकंदाला सुमारे ४८.३६ कोटी फेरे.

मधली कमजोर जागा नाना तऱ्हांची असते. एक-दोन नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर असेल तर जोड्या त्यातून क्वांटम टनेलिंगने पार होतात. साधा धातू मध्ये असेल तर गंमत वेगळी. धातूतला एक इलेक्ट्रॉन सीमेवर येतो, अतिसंवाहकात शिरताना दुसऱ्या एकाला सोबत ओढून जोडी करतो आणि मागे त्याची रिकामी जागा, म्हणजे होल, उलट पाठवतो. याला आंद्रेयेव्ह परावर्तन म्हणतात, ते १९६४ चं. तिसरी तऱ्हा म्हणजे त्याच अतिसंवाहकात काढलेली अगदी बारीक मान. चौथी, दोन स्फटिकदाण्यांमधली शीव. ही आपल्याला प्रयोगशाळेत भेटणार आहे.

कच्चा दुवा करायला फार भारी यंत्रसामग्री लागतेच असंही नाही. जॉन क्लार्क केंब्रिजला पीएचडी करत असताना त्यांनी नायोबियमच्या तारेवर सोल्डरचा थेंब पाडला होता. तारेवर आपोआप आलेला ऑक्साइडचा थर हाच दुवा. त्या ओबडधोबड थेंबाला 'स्लग' असं नाव पडलं, म्हणजे बिनशंखाची गोगलगाय, आणि त्यावर अतिशय बारीक व्होल्टेज मोजता येऊ लागलं. याच क्लार्कना पुढे कच्च्या दुव्यांवरच्याच कामासाठी २०२५ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, डेव्होरे आणि मार्टिनिस यांच्यासोबत.

आणखी एक नाव वाचताना मराठी कान टवकारतात: विनय आंबेगावकर. १९६३ मध्ये त्यांनी आणि बारातॉफ यांनी दाखवलं की ऑक्साइडच्या दुव्यात कमाल प्रवाह आणि त्याच दुव्याचा साध्या अवस्थेतला रोध यांचा गुणाकार अतिसंवाहकाच्या ऊर्जा-गॅपवरून (इलेक्ट्रॉनची जोडी फोडायला लागणाऱ्या ऊर्जेवरून) ठरतो. नायोबियमसाठी हिशेबाने तो दोन मिलिव्होल्टच्या आसपास येतो. थर जाड केला तर प्रवाह घटतो आणि रोध वाढतो, गुणाकार मात्र तोच.

पहिलं काम: चाक

सायकलचं पुढचं जुनं चाक घ्या. पंक्चरवाल्याकडे मिळतं. टायर-ट्यूब काढा. आस आडवी राहील असं चाक गच्चीच्या कठड्याला पक्कं बांधा आणि खाली दोरा लोंबायला मोकळी जागा ठेवा.

आधी चाकाचा तोल साधा. हलकं फिरवून सोडलं की प्रत्येक वेळी तोच भाग खाली येऊन थांबतो का बघा. थांबत असेल तर समोरच्या बाजूला चिखलाचे किंवा कणकेचे गोळे लावत जा, जोपर्यंत चाक कुठेही थांबायला तयार होत नाही. हा कंटाळवाणा भाग आहे, पण तो टाळला तर पुढचे सगळे कोन चुकतात.

आता आसेपासून २५ सेंटिमीटरवर एका आऱ्याला ४० ग्रॅमचे नटबोल्ट घट्ट बांधा. चाक लगेच ते वजन खाली घेऊन स्थिर होईल. मग साधारण ५ सेंटिमीटर त्रिज्येचं एक झाकण घ्या (आमच्याकडे शेंगाचटणीच्या मोठ्या बरणीचं होतं), मधोमध भोक पाडून ते आसेभोवती बसवा आणि आऱ्यांना तारेने बांधा. झाकणाभोवती दोरा गुंडाळा आणि दोऱ्याच्या टोकाला प्लास्टिकचा पेला लटकवा. पेल्यात वजन टाकलं की चाकावर पीळ येतो. हा पीळ म्हणजे बाहेरून दिलेला करंट.

वजनं सावकाश वाढवत जा. पेल्यासकट १०० ग्रॅम झाले की चाक ३० अंश झुकून थांबेल, १४१ ग्रॅमला ४५ अंश, १७३ ला ६०. प्रत्येक वेळी चाक झुकतं आणि *थांबतं*. झुकण्याचा कोन म्हणजे फेजफरक, फिरण्याचा वेग म्हणजे व्होल्टेज. चाक थांबलेलं आहे, तेव्हा व्होल्टेज शून्य; पीळ तर चालूच आहे, तेव्हा करंट चालू. पहिला नियम डोळ्यांसमोर उभा राहतो. आसेच्या घर्षणाने कोनात दोन-चार अंशांचा फरक येईल, त्याची काळजी करू नका.

२०० ग्रॅमला नटबोल्ट ९० अंशांवर येतात, म्हणजे आसेच्या बरोबर बाजूला. यापुढे त्यांचा उलटा पीळ वाढूच शकत नाही. पेल्यात आणखी एक नट टाका. चाक उलटतं आणि फिरतच राहतं. हा दुव्याचा कमाल प्रवाह, आणि आता व्होल्टेज आलं.

फिरणारं चाक नीट बघा. नटबोल्ट वर चढताना रेंगाळतात, माथा ओलांडला की सपकन खाली येतात. खऱ्या दुव्यातही व्होल्टेज एकसारखं नसतं, ठोक्यांनी येतं. आपलं मीटर फक्त सरासरी दाखवतं.

मला या प्रयोगात सगळ्यात आवडणारी गोष्ट आता येते. पेल्यात १७० ग्रॅम ठेवा. चाक ५८ अंशांच्या आसपास थांबेल. मग बोटाने एक जोरदार ढकल द्या. चाक फिरत सुटेल आणि पेला जमिनीला टेकेपर्यंत थांबणार नाही. तेच वजन, तेच चाक, पण दोन अवस्था: एक थांबलेली, एक फिरती. खऱ्या दुव्यात चाकाच्या जडत्वाचं काम त्याची धारिता करते. ऑक्साइडचा पातळ थर आणि दोन बाजूंचे धातू मिळून कपॅसिटर होतो. म्हणून असा दुवा करंट वाढवताना एका जागी उडी मारतो आणि कमी करताना भलत्याच जागी परततो. नवखा विद्यार्थी म्हणतो, 'सर, मीटर बिघडलंय.' मीटर ठीक असतं.

आता रिम ॲल्युमिनियमची असेल तर एक दमदार चुंबक तिच्या अगदी जवळ, न टेकवता, धरा. रिममध्ये भोवरी प्रवाह उठतात आणि वेगाच्या प्रमाणात ब्रेक लागतो. पुन्हा १७० ग्रॅमवर ढकल द्या. ब्रेक पुरेसा असेल तर चाक एखादा फेरा मारून निमूटपणे जागेवर येऊन बसतं. हा ब्रेक म्हणजे दुव्याला समांतर असलेला साधा रोध. रोध जितका कमी तितका ब्रेक जास्त, हे मात्र उलटं आहे, तेवढं लक्षात ठेवा. जुन्या लोखंडी रिमवर हे करू नका, चुंबक रिमला चिकटून बसतो. रिम लोखंडी असेल तर आऱ्यांना पुठ्ठ्याचे पंखे बांधा, हवा ब्रेक लावते.

दुसरं काम: तक्ता

चाकावर फेरे मोजता मोजता पेला जमिनीला टेकतो. कॉम्प्युटरवर जमीन नाही. कुठलंही स्प्रेडशीट चालेल. जडत्व सोडून देऊ, फक्त ब्रेकवालं चाक घेऊ.

पहिल्या रकान्यात वेळ, दर ओळीला ०.०५ ने वाढणारा. दुसऱ्या रकान्यात फेजफरक, सुरुवात शून्यापासून. तिसऱ्यात व्होल्टेज. वर एका घरात प्रवाह लिहा, कमाल प्रवाहाच्या पटीत. प्रत्येक ओळीतला व्होल्टेज = प्रवाह − साइन (त्याच ओळीतला फेजफरक). पुढच्या ओळीतला फेजफरक = आधीचा फेजफरक + ०.०५ × आधीचा व्होल्टेज. एवढंच सूत्र. ते ३००० ओळी खाली ओढा. कोन रेडियनमध्ये आहेत.

प्रवाहाच्या घरात ०.५ टाका. फेजफरक वाढत वाढत ०.५२४ वर येऊन बसतो, म्हणजे ३० अंश. व्होल्टेज शून्याकडे जातं. ०.८ टाका, ०.९२७ वर बसतो. चाकावर हेच पाहिलं होतं.

१.१ टाका. आता फेजफरक बसायचं नाव घेत नाही. सरासरी व्होल्टेज काढायला पहिल्या ५०० ओळी सोडा. शेवटचा फेजफरक वजा ५०१ व्या ओळीतला, भागिले मधला वेळ. उत्तर ०.४६ च्या जवळ यायला हवं. थोडं इकडेतिकडे झालं तर कारण साधं आहे, शेवटचा फेरा अर्धवट राहतो. १.५ ला १.१२, २ ला १.७३, ५ ला ४.९०. मागे एक नेमकं सूत्र आहे: प्रवाहाचा वर्ग वजा एक, त्याचं वर्गमूळ. प्रवाह मोठा झाला की एक वजा केल्याने काही बिघडत नाही आणि ओहमचा नियम गुपचूप परत येतो.

आता १.०१ टाका आणि व्होल्टेजचा वेळेशी आलेख काढा. बराच वेळ जवळजवळ शून्य, मग एक उंच टेंभा, मग पुन्हा शांतता. प्रत्येक टेंभ्याखालचं क्षेत्रफळ सारखंच, या एककांत २π, म्हणजे सुमारे ६.२८. खऱ्या एककांत ते २.०७ × १०⁻¹⁵ व्होल्ट-सेकंद, म्हणजे चुंबकीय फ्लक्सचा एक क्वांटम. दुवा नायोबियमचा असो की शिशाचा, सोल्डरच्या थेंबाचा असो की दाण्यांच्या शिवेचा, हे माप बदलत नाही.

वेळ असेल तर एक पाऊल पुढे जा. प्रवाहाच्या जागी प्रवाह + साइन (वेळ) लिहा, म्हणजे स्थिर करंटवर एक कंपन चढवा. मग स्थिर भाग १ पासून २ पर्यंत ०.०५ च्या पावलांनी वाढवा आणि दर वेळी सरासरी व्होल्टेज टिपा. मध्ये कुठेतरी व्होल्टेज १ वर अडकून बसेल. प्रवाह वाढतोय, व्होल्टेज हलत नाही. फेजचा फेरा बाहेरच्या कंपनाच्या तालात बांधला गेलाय. या पायऱ्या १९६३ मध्ये सिडनी शपिरो यांनी प्रत्यक्षात मोजल्या. ७० गिगाहर्ट्झची सूक्ष्मलहर सोडली तर एका दुव्यावर प्रत्येक पायरी सुमारे १४५ मायक्रोव्होल्टची. असे हजारो दुवे ओळीने जोडून आज राष्ट्रीय प्रयोगशाळा व्होल्टचं माप ठरवतात. वारंवारता अचूक मोजता येते, म्हणून व्होल्ट अचूक मोजता येतो.

तिसरं काम: गोळी

नायोबियमच्या दुव्यासाठी द्रव हीलियम लागतं. आपल्याला परवडतं ते द्रव नायट्रोजन, ७७ केल्विन, म्हणजे उणे १९६ अंश. म्हणून इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड. १९८७ मध्ये वू, चू आणि सहकाऱ्यांनी दाखवलेला हा पदार्थ ९२ केल्विनच्या आसपास अतिसंवाहक होतो. मेमध्ये हा प्रयोग लावू नका. बाहेर ४४ अंश असताना थर्माकोलच्या डब्यात अडीचशे अंशांच्या घरातला फरक सांभाळायचा असतो आणि नायट्रोजन बघता बघता उडून जातो. आम्ही सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, जानेवारीत करतो.

नायट्रोजन कुठून आणायचा, हा प्रश्न मला दर वर्षी येतो. द्रव नायट्रोजन पाहायचा तरी असेल तर जनावरांच्या दवाखान्यात जा. म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या जाड जारमध्ये ठेवतात, त्यात तोच असतो. प्रयोगाला लागणारा साठा मात्र कॉलेजच्या नावाने रीतसर मागवा. खिडक्या उघड्या ठेवा, कारण एक लिटर द्रवाचा जवळजवळ सातशे लिटर वायू होतो आणि खोलीतला ऑक्सिजन ढकलून देतो. झाकण घट्ट लावलेल्या भांड्यात तो कधीही भरू नका. चष्मा, सैल हातमोजे, बंद बूट.

गोळी विकत मिळते. स्वतः करायची असेल तर इट्रियम ऑक्साइड १.१३ ग्रॅम, बेरियम कार्बोनेट ३.९५ ग्रॅम, कॉपर ऑक्साइड २.३९ ग्रॅम. बेरियम कार्बोनेट विषारी आहे, मास्क लावा आणि हात धुतल्याशिवाय चहाला जाऊ नका. अकीकाच्या खलात तासभर खला, ९०० अंशांच्या वर थोडं बारा तास भाजा, पुन्हा खला, पुन्हा भाजा. मग साच्यात दाबून गोळी करा, ९४० अंशांच्या आसपास भाजा आणि ऑक्सिजनच्या प्रवाहात सावकाश थंड करा, ४५० अंशांवर काही तास थांबवून. गोळी काळी हवी. हिरवट दिसली तर भलताच पदार्थ झालाय, ती बाजूला ठेवा.

हा शेवटचा टप्पा कंटाळ्याने उरकायचा नाही. एका वर्षी आमची वीज रात्री नेमकी तेव्हाच गेली. सकाळी भट्टी थंडगार. गोळी काळी, टणक, दिसायला देखणी, पण नायट्रोजनमध्ये टाकल्यावर वर ठेवलेला चुंबक हलेना. ऑक्सिजन कमी पडला होता. एवढा एक घटक कमी असला की हा पदार्थ अतिसंवाहक राहतच नाही. सुदैवाने हे दुरुस्त होतं: तीच गोळी पुन्हा ४५० अंशांवर ऑक्सिजनमध्ये ठेवली आणि दुसऱ्या दिवशी चुंबक तरंगला.

गोळीतून पट्टी कापा आणि मधोमध सुई-कानसीने घासून १ मिलिमीटर रुंद, १ मिलिमीटर जाड मान करा. पट्टी माठाच्या खापरीसारखी फुटते, एक जास्तीची ठेवा. चार तारा जोडा: टोकांच्या दोन करंटसाठी, आतल्या दोन, मानेच्या अलीकडे-पलीकडे, व्होल्टेजसाठी. दोनच तारांवर भागवू नका, नाहीतर तुम्ही जोडांचा रोध मोजत बसाल. जोडासाठी ताजा घासलेला पृष्ठभाग आणि त्यावर दाबलेलं इंडियम, किंवा चांदीची पेस्ट लावून ऑक्सिजनमध्ये भाजलेली.

इथे आमची सगळ्यात मोठी फजिती झाली होती. करंट वाढवत गेलो, दीड अँपिअरला व्होल्टेज उसळलं, कमाल प्रवाह मिळाला म्हणून फळ्यावर लिहिला. दोन दिवस तोच आकडा सगळ्यांना सांगत फिरलो. तिसऱ्या दिवशी आमचे लॅबचे मामा डब्यात डोकावून म्हणाले, 'सर, ह्या कोपऱ्यातच लई बुडबुडे येतायत की ओ, बाकी डबा गप हाय.' बुडबुडे करंटच्या जोडापाशी होते. जोड खराब, तो तापत होता, आणि त्याच्या उष्णतेने पट्टी अतिसंवाहक अवस्थेतून बाहेर पडत होती. आमचा आकडा जोडाचा होता, दुव्याचा नव्हता. तेव्हापासूनचा नियम: करंट एका जागी ठेवून एक मिनिट व्होल्टेज बघा. ते हळूहळू वर सरकत असेल तर तापतंय. शक्य असेल तर करंट क्षणभरच द्या आणि बंद करा.

मोजताना प्रत्येक वाचन दोनदा घ्या, एकदा करंट सुलट, एकदा उलट, आणि दोन वाचनांच्या फरकाचा निम्मा लिहा. तारांचं एक टोक उणे १९६ अंशांत आणि दुसरं खोलीत असल्याने तारांमध्येच काही मायक्रोव्होल्ट तयार होतात, ते अशाने वजा होतात. मानेवर सेंटिमीटरला १ मायक्रोव्होल्ट दिसलं की त्या प्रवाहाला कमाल प्रवाह म्हणायचं, असा संकेत आहे. साधं मल्टिमीटर यासाठी आंधळं आहे. सूक्ष्म व्होल्टमीटर किंवा हजारपट वाढवणारा ॲम्प्लिफायर लागेल.

साधारण भाजलेल्या गोळीत चौरस सेंटिमीटरला शंभर ते हजार अँपिअर मिळतात, म्हणजे आपल्या मानेत १ ते १० अँपिअर. ऐकायला बरं वाटतं. पण याच पदार्थाचा एकसंध पातळ थर याच तापमानाला चौरस सेंटिमीटरला दहा लाखांहून जास्त अँपिअर वाहतो. मग आपली गोळी इतकी दुबळी का? कारण ती असंख्य दाण्यांची आहे आणि प्रत्येक दाण्याची स्फटिकाची दिशा वेगळी. दोन टॉवेल एकमेकांना तिरपे शिवले तर शिवणीपाशी एकाचा धागा दुसऱ्याच्या धाग्याला सरळ भेटत नाही, तसं. या पदार्थात इलेक्ट्रॉनच्या जोडीचा पल्ला जेमतेम दीड-दोन नॅनोमीटर, तेव्हा शिवेवरची एवढीशी विस्कटलेली पट्टीसुद्धा तिला जड जाते. १९८८ मध्ये डिमोस, चौधरी, मानहार्ट आणि लगूस यांनी दाखवलं की दोन दाण्यांमधला कोन वाढला की शिवेवरून जाणारा प्रवाह झपाट्याने कोसळतो. दहा अंशांच्या पुढे तर शीव कच्च्या दुव्यासारखीच वागते. म्हणून या पदार्थाच्या तारा करणारे सगळी मेहनत दाणे एका दिशेला लावण्यावर घालतात.

तुमच्या गोळीतही शिवाच अडवतायत, हे सिद्ध करायची एक स्वस्त युक्ती आहे. १० सेंटिमीटर लांब नळीवर १०० वेढ्यांची गुंडाळी करा आणि पट्टी तिच्या आत ठेवा. गुंडाळीत १ अँपिअर सोडला की आत सुमारे १.२५ मिलिटेस्लाचं क्षेत्र तयार होतं. ०, १, २, ३ अँपिअरला पट्टीचा कमाल प्रवाह मोजा. तो ठळकपणे घसरताना दिसेल. एकसंध स्फटिक इतक्याशा क्षेत्राची दखलही घेणार नाही. हिशेब करून बघा: शीव १० मायक्रोमीटर लांब, आणि क्षेत्र दोन्ही बाजूंच्या दाण्यांत जितकं शिरतं ते धरून तिची जाडी अर्धा मायक्रोमीटर. एवढ्या जागेत फ्लक्सचा एक क्वांटम भरायला सुमारे ०.४ मिलिटेस्ला पुरतं. क्वांटम भरला की शिवेच्या एका भागातला प्रवाह सुलट, दुसऱ्या भागातला उलट, आणि बेरीज शून्याकडे जाते. पृथ्वीचं क्षेत्र आपल्याकडे साधारण ०.०४ मिलिटेस्ला, याच्या दहावा हिस्सा.

एका शिवेचा आलेख काढला असता तर प्रवाह शून्यापर्यंत जाऊन पुन्हा वर येताना दिसला असता, प्रकाशाच्या एका फटीतून पडणाऱ्या पट्ट्यांसारखा. गोळीत हजारो शिवा, प्रत्येकीचं माप वेगळं, म्हणून आपल्याला फक्त गुळगुळीत उतार मिळतो. करंट-व्होल्टेजच्या आलेखाचा कोपराही तक्त्यातल्यासारखा टोकदार नसतो, गोलसर असतो. कारण तेच.

मोजणी संपेपर्यंत मोठा चुंबक डब्याजवळ नेऊ नका. नेलात तर दाण्यांत फ्लक्स अडकतो आणि चुंबक काढून घेतल्यावरही कमाल प्रवाह पहिल्या आकड्यावर परत येत नाही. अशा वेळी एकच उपाय: पट्टी बाहेर काढा, पूर्ण कोमट होऊ द्या आणि चुंबक दूर ठेवून पुन्हा थंड करा.

बाहेर काढलेल्या पट्टीवर हवेतलं पाणी गोठून पांढरी साय धरते. ती वितळली की पट्टी टिपकागदाने लगेच कोरडी करा. पाण्याशी या पदार्थाचं वैर आहे, बेरियम बाहेर पडतं आणि पृष्ठभाग पांढुरका होतो. सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डबीत ठेवा आणि डबीवर तारीख, मानेचं माप आणि शेवटचा कमाल प्रवाह लिहा. पावसाळ्यानंतर हाच आकडा पुन्हा मोजा.